दुष्काळात घरगुती पाण्यावर सरकारी मर्यादा: वाद नेमका कशाचा?

पाऊस सलग दोन-तीन वर्षे दगा देतो, धरणे उन्हाळा संपण्याआधीच तळ दाखवू लागतात आणि मग एके दिवशी सरकारी आदेश निघतो: माणशी रोज इतकेच लिटर, बागेला नळाचे पाणी घालायचे नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, नियम मोडल्यास दंड. आदेश निघाला की वादालाही तोंड फुटते. पैसे भरून घेतलेल्या पाण्याचे घरात काय करायचे हे सरकारने का ठरवावे, असे एक बाजू विचारते. पाणी सर्वांचे आहे आणि ते संपत आले असताना ज्याला परवडते त्याने हवे तितके उपसावे हा कुठला न्याय, असे दुसरी बाजू विचारते. दोन्ही प्रश्न खरे आहेत. मात्र त्यांचे उत्तर देण्याआधी अशी मर्यादा प्रत्यक्षात कोणावर घातली जाते, ती मोजतात कशी आणि तिच्यामुळे पाणी खरोखर वाचते का, हे समजून घ्यावे लागते. कारण पाणीकपातीच्या पद्धती परस्परांपासून फार वेगळ्या आहेत आणि त्यांतल्या काही हिताच्या असल्या तरी काही निखालस घातक आहेत.

माझे मत सुरुवातीलाच सांगणे योग्य होईल. दुष्काळात घरगुती वापरावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला असायला हवा आणि तो वेळेवर वापरलाही जायला हवा. परंतु ही मर्यादा माणशी ठरलेली असावी, जगण्यासाठी लागणाऱ्या किमान पाण्याला हात न लावता त्यावरच्या वापरावर ती घातलेली असावी आणि धरणात अजून पुरेसे पाणी असतानाच ती लागू व्हावी. साठा तळाला गेल्यावर काढलेल्या आदेशाला धोरण म्हणता येत नाही. तेव्हा उरलेले वाटून देण्यापलीकडे कोणाच्याच हातात काही राहिलेले नसते.

शेती सोडून घरांवरच का?

मर्यादेविरुद्धचा सर्वांत जोरकस आक्षेप आधी घेऊ. जगभरात माणूस नद्या, तलाव आणि भूगर्भ यांतून जितके गोडे पाणी उचलतो त्यातले सुमारे ७० टक्के शेतीकडे जाते. घरे आणि नगरपालिका मिळून जेमतेम आठवा हिस्सा वापरतात. १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी राज्यातील शहरी पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश काढला, तेव्हा तिथे हाच प्रश्न विचारला गेला, कारण त्या राज्यात माणसे वापरतात त्या पाण्यापैकी जवळजवळ ८० टक्के शेतीत खर्च होते. आदेश जाहीर करताना गव्हर्नर सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील एका बर्फमापन केंद्रावर उभे होते. एरवी एप्रिलच्या सुरुवातीला जिथे बर्फाचा जाड थर असतो, तिथे त्या दिवशी सुकलेले गवत होते. टंचाई खरी आहे हे त्यामुळे कोणी फारसे नाकारले नाही. लोकांचा सवाल फक्त भार वाहण्यातल्या वाट्याचा होता.

या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना पूरक आहेत. पाणी सरासरीने मिळत नाही, ते ठरावीक धरणातून आणि ठरावीक जलवाहिनीतून मिळते. शहराचे धरण शेतीच्या कालव्यांशी जोडलेलेच नसेल, तर दूरच्या शेतात वाचलेले पाणी शहराच्या नळाला येण्याचा मार्गच नसतो. कॅलिफोर्नियातही शेतीला मोकळे रान मिळाले होते असे म्हणता येत नाही. केंद्र सरकारच्या कालव्यांवरील अनेक शेतकऱ्यांना २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी कराराच्या पाण्यातला वाटा शून्य मिळाला आणि त्यांनी भूजल उपसून वेळ निभावली, ज्याची किंमत जमिनीखालच्या साठ्याने मोजली. दुसरे उत्तर शहरांना तितके सोयीचे नाही. धरण सामायिक असेल आणि शेतीला किंवा उद्योगाला वगळून फक्त घरांना काटकसर सांगितली जात असेल, तर त्या आदेशाचे समर्थन करता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला पाणी देणारी मोठी धरणे शेतीशी सामायिक आहेत. २०१७-१८ मध्ये तिथे शेतीच्या वाट्यात सुमारे ६० टक्के कपात झाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रोएनलँड भागातील शेतकऱ्यांच्या संस्थेने आपल्या साठ्यातले सुमारे १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. भार सर्वांवर आहे हे दिसले की घरातली काटकसर लोकांच्या गळी उतरवणे सोपे जाते. म्हणून मर्यादेचा आदेश काढणाऱ्या प्रत्येक सरकारने त्याच कागदावर शेतीला किती, उद्योगाला किती, पर्यटनाला किती आणि गळतीत किती जाते हे छापले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

घरातले पाणी आणि घराबाहेरचे पाणी

जवळजवळ सगळीकडे पहिली बंदी हिरवळीवर, बागेवर, पोहण्याच्या खासगी तलावांवर आणि गाड्या धुण्यावर येते. ही बंदी चैनीच्या विरोधातली नैतिक शिकवण आहे असा अनेकांचा समज असतो. तिच्यामागे खरे तर साधे विज्ञान आहे. नळीने हिरवळीवर मारलेले पाणी बाष्पीभवनाने हवेत जाते आणि त्या खोऱ्याच्या हिशेबातून वजा होते. अंघोळीचे, कपड्यांचे, शौचालयाचे पाणी मात्र सांडपाण्याच्या वाहिनीत जाते, आणि ते शुद्ध करून पुन्हा नदीत सोडण्याची किंवा पुन्हा वापरण्याची सोय असेल तर त्यातले बरेचसे परत मिळते. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळत आली आहे. अर्थात समुद्रकाठच्या ज्या शहरांचे सांडपाणी थेट समुद्रात जाते, तिथे हा फरक बराचसा पुसला जातो आणि घरात वाचवलेला लिटरही तितकाच मोलाचा ठरतो.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. कोरड्या हवामानातील, मोठी अंगणे असलेल्या वस्त्यांत घरगुती पाण्याचा निम्मा भाग घराबाहेर खर्च होतो आणि तो नेमका उन्हाळ्यात, म्हणजे धरण सर्वांत वेगाने खाली जात असताना खर्च होतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांना बागेच्या नळीवर तात्पुरती बंदी घालण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे आणि ती मोडणाऱ्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या आरोग्याला धक्का न लावता सर्वांत जास्त पाणी वाचवणारे पाऊल हेच असल्यामुळे ते आधी उचलणे सर्वथा योग्य आहे.

घराच्या आत शिरल्यावर मात्र प्रश्न नाजूक होतो. इथे सवयींइतकेच, किंबहुना काही वेळा सवयींहून अधिक, महत्त्व उपकरणांना असते. जुन्या धाटणीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी सुमारे १३ लिटर पाणी जाते, नव्या टाकीतून ६ लिटर, आणि दोन बटणांच्या टाकीत लहान बटण दाबल्यास सुमारे ३ लिटर. चार माणसांच्या घरात दिवसाला २० वेळा फ्लश होतो असे धरले, तर जुन्या टाकीत २६० लिटर जातात आणि सहा लिटरच्या टाकीत १२०. म्हणजे त्या घरातील कोणीही काहीही सोडलेले नसताना रोजचे १४० लिटर वाचतात. घरमालकाने टाकी बदललेली नाही, ती बदलण्याचा अधिकार भाडेकरूला नाही, आणि दंडाची नोटीस मात्र भाडेकरूच्या हाती पडते, असे जिथे घडते तिथे मर्यादेपेक्षा टाक्या बदलण्याच्या अनुदानाची गरज अधिक आहे.

याच मुद्द्याला जोडून टक्केवारीच्या कपातीतला दोष लक्षात घ्यायला हवा. सर्वांनी वापर २५ टक्क्यांनी कमी करावा हे वाक्य ऐकायला समान वाटते. पण ज्याने आधीच टाकी बदलली, हिरवळ काढून टाकली, गळका नळ दुरुस्त केला, त्याच्याकडे आणखी कापण्याजोगे फार थोडे उरलेले असते आणि ज्याने काहीच केले नाही त्याला हे उद्दिष्ट सहज गाठता येते. आधी काटकसर करणाऱ्यालाच शिक्षा, असा त्याचा अर्थ होतो. कॅलिफोर्नियाने हा दोष ओळखून आपले २५ टक्क्यांचे उद्दिष्ट सगळ्या शहरांवर सारखे लादले नाही. माणशी वापर कमी असलेल्या ठिकाणांना ८ टक्क्यांपासून आणि सर्वाधिक वापर असलेल्या ठिकाणांना ३६ टक्क्यांपर्यंत अशी चढती उद्दिष्टे दिली. जून २०१५ पासूनच्या पहिल्या वर्षभरात राज्याने २०१३ च्या तुलनेत सुमारे २४.५ टक्के बचत साधली.

भाव वाढवावा की लिटर ठरवावेत?

या वादाचा गाभा इथे आहे आणि तो थोडा सविस्तर मांडायला हवा. अनेक अर्थशास्त्रज्ञ लिटरच्या मर्यादेपेक्षा भाववाढीला पसंती देतात. त्यांचा युक्तिवाद सुज्ञ आहे. कोणाला बाग प्राणाहून प्रिय असते, कोणाला लांब अंघोळ. सरकारने सरसकट बागेवर बंदी घातली तर पहिल्याचे नुकसान मोठे होते आणि दुसऱ्याला काहीच झळ पोहोचत नाही. त्याऐवजी पाणी महाग केले, तर प्रत्येक जण आपल्याला सर्वांत कमी प्रिय असलेला वापर सोडून देतो, तितकेच पाणी वाचते आणि लोकांची गैरसोय कमी होते. ऑस्ट्रेलियातील क्वेंटिन ग्राफ्टन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी सिडनीतील निर्बंधांचा अभ्यास करून नेमके हेच म्हटले: बंदीची जी किंमत समाज मोजतो ती बिलावर दिसत नाही, पण ती खरी असते.

तरीही या मार्गाच्या तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे पाण्याची मागणी भावाला फार थोडा प्रतिसाद देते. बहुतेक अभ्यासांचे सार असे आहे की भाव १० टक्के वाढला तर घरगुती वापर साधारण ३ ते ४ टक्के कमी होतो. वापर निम्म्यावर आणायचा असेल तर भाव इतका वाढवावा लागेल की कोणतेही निवडून आलेले सरकार त्याला धजणार नाही. दुसरी अडचण वेळेची आहे: बिल महिन्या-दोन महिन्यांनी हाती पडते, लोक ते पाहून वापर बदलतात, आणि तोवर धरण आणखी दोन-तीन मीटर उतरलेले असते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. भाववाढ झाल्यावर पाणी कोण सोडते? ज्याच्या घरखर्चात पाण्याचे बिल जाणवते तो सोडतो. ज्याला ते जाणवतच नाही त्याचा तलाव भरलेलाच राहतो. केप टाउनविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वर्गवार हिशेब मांडला. अतिश्रीमंत आणि उच्च मध्यमवर्गीय घरे मिळून शहराच्या लोकसंख्येत १४ टक्क्यांहून कमी असूनही निम्म्याहून अधिक पाणी वापरतात, आणि त्यांच्या वापराचा मोठा भाग बागा व तलाव यांसाठी असतो, असे त्यात दिसून आले. याशिवाय श्रीमंत घरांकडे आणखी एक पळवाट असते. ती बोअरवेल खणतात. मग मीटरवरचा आकडा कमी होतो, ते घर नियम पाळणारे दिसते, आणि त्याच वेळी जमिनीखालचा सामायिक साठा कोणाच्याही नोंदीविना उपसला जातो. भूजलाला वगळून घातलेली कोणतीही मर्यादा त्यामुळे अर्धवटच राहते.

पहिला टप्पा स्वस्त ठेवून पुढचे टप्पे चढत्या दराने महाग करण्याचा मधला मार्ग आज अनेक शहरे वापरतात. तोही निर्दोष नाही. एका मीटरवर आठ माणसे राहत असतील तर ती काटकसरीने वागूनही वरच्या टप्प्यात जातात आणि एकटा राहणारा उधळ्या माणूस खालच्याच टप्प्यात राहतो. काही ठिकाणी कायदाही आडवा येतो. कॅलिफोर्नियातील सॅन हुआन कॅपिस्ट्रानो या शहराचे चढते दर तिथल्या अपील न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये, ऐन दुष्काळात, अवैध ठरवले, कारण १९९६ च्या जनमताने आलेल्या तरतुदीनुसार दर हे पुरवठ्याच्या खर्चाला धरूनच असावे लागतात आणि वरच्या टप्प्यांचे दर त्या खर्चाशी कसे जुळतात हे शहराला दाखवता आले नव्हते.

या सगळ्याचा विचार करता भाव आणि मर्यादा यांत एकाचीच निवड करण्याची गरज मला दिसत नाही. किमान पाणी विनामूल्य किंवा नाममात्र दरात द्यावे, त्यापुढील वापर चढत्या दराने महाग करावा आणि साठा धोक्याच्या पातळीला आला की लिटरची स्पष्ट मर्यादा घालावी. भाव हे दीर्घकाळासाठी उत्तम साधन आहे. काही आठवड्यांत वापर तिसऱ्या हिश्श्याने खाली आणायचा असेल तर ते पुरत नाही.

माणशी किती आणि माणसे मोजायची कशी?

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पिण्याचे स्वच्छ पाणी आणि स्वच्छतागृह हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. पिणे, स्वयंपाक, अंगाची आणि कपड्यांची स्वच्छता या मूलभूत गरजांसाठी माणशी रोज ५० ते १०० लिटर लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे सांगितले जाते. केप टाउनने १ फेब्रुवारी २०१८ पासून जी मर्यादा घातली ती माणशी ५० लिटरची होती, म्हणजे या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला.

पन्नास लिटर म्हणजे किती, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मिनिटाला ९ लिटर देणाऱ्या शॉवरखाली दोन मिनिटे उभे राहिले की १८ लिटर गेले. नऊ लिटरच्या टाकीने दिवसातून फक्त दोनदा फ्लश केले की आणखी १८. उरले १४ लिटर, आणि त्यांत पिण्याचे, स्वयंपाकाचे, भांड्यांचे, हात धुण्याचे, फरशीचे आणि कपड्यांचे पाणी बसवायचे. धडधाकट माणसाला हे जमते. केप टाउनमधील लाखो लोकांनी शॉवरखाली बादली ठेवून ते पाणी फ्लशला वापरले आणि जमवून दाखवले. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, तान्हे मूल आहे, डायलिसिसवर असलेले कोणी आहे, त्या घराला हे जमत नाही, आणि जमावे अशी अपेक्षा करणेही अमानुष आहे. म्हणून सवलतीचा अर्ज सोपा असणे आणि तो दोन-चार दिवसांत निकाली निघणे ही मर्यादेची पूर्वअट मानली पाहिजे.

मोजणीची खरी पंचाईत अशी की मर्यादा माणशी असते आणि मीटर घराला असतो. चार माणसे गुणिले ५० लिटर गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला ६,००० लिटर. दक्षिण आफ्रिकेत घरटी दिल्या जाणाऱ्या मोफत पाण्याचा आकडाही तोच, ६,००० लिटर. पण तिथे हिशेब आठ माणसांच्या घराचा आणि माणशी २५ लिटरचा होता. जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातील रहिवाशांनी याविरुद्ध दाद मागितली, कारण एकेका मीटरमागे आठांहून अधिक माणसे राहत होती आणि प्रीपेड मीटर महिना संपण्याआधीच बंद पडत होता. उच्च न्यायालयाने माणशी ५० लिटर देण्यास सांगितले, अपील न्यायालयाने ४२ वर आणले आणि २००९ मध्ये संविधान न्यायालयाने किती लिटर पुरेसे हे ठरवणे न्यायालयाचे काम नसून शहराचे धोरण अवाजवी नाही, असा निर्णय दिला. निर्णय रहिवाशांच्या विरुद्ध गेला, तरी या खटल्याने एक गोष्ट लख्ख केली: घरात किती माणसे आहेत हे न विचारता घातलेली मर्यादा सर्वांत गरीब आणि सर्वांत गजबजलेल्या घरांना सर्वांत आधी कोरडे करते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय क्वीन्सलँडमध्ये २००७ मध्ये माणशी १४० लिटरचे उद्दिष्ट ठेवले गेले, तेव्हा दिवसाला ८०० लिटरहून अधिक वापरणाऱ्या घरांना आधी कारण विचारणारे पत्र गेले. माणसे जास्त आहेत की गळती आहे की उधळपट्टी, हे विचारल्यानंतर पुढचे पाऊल, हा क्रम मला योग्य वाटतो.

तासांची कपात आणि गळती

सरकारांना सर्वांत सोपी वाटणारी मर्यादा म्हणजे नळाचे तास कमी करणे किंवा पाणी आळीपाळीने सोडणे. मीटर नको, मोजणी नको, दंड नको. फक्त व्हॉल्व्ह बंद करायचा. मी या पद्धतीच्या विरोधात आहे आणि त्याची कारणे तांत्रिक आहेत. जलवाहिनीत पाणी दाबाने भरलेले असते तोवर फटींतून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद होऊन दाब संपला की त्याच फटींतून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरते. पुरवठा पुन्हा सुरू होताना दाबाचा धक्का बसतो आणि जुन्या वाहिन्या फुटतात. सायप्रसमध्ये २००८ च्या भीषण टंचाईत शहरांना ठरावीक वेळच पाणी देण्यास सुरुवात झाली; पूर्ववत पुरवठा सुरू झाल्यावर जलवाहिन्या फुटण्याचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले आणि वाचवलेल्या पाण्यातला बराच भाग गळतीत गेला. शिवाय ज्याच्या घरावर मोठी टाकी आहे त्याला तासांची कपात जाणवतही नाही, आणि ज्याच्याकडे भांड्यांखेरीज साठवण नाही त्या घरातील एका माणसाचा, बहुतेक वेळा एका बाईचा, अर्धा दिवस नळाची वाट पाहण्यात जातो.

कोलंबियाची राजधानी बोगोटा हिने एप्रिल २०२४ पासून शहराचे नऊ विभाग करून प्रत्येकाचा पुरवठा सुरुवातीला दर दहा दिवसांनी २४ तास बंद ठेवला आणि ही व्यवस्था वर्षभर चालवली. वेळापत्रक सर्वांना सारखे आणि आधी जाहीर केलेले असल्याने ते निदान न्याय्य होते. दुसरा काहीच पर्याय नसेल तर निदान अशी शिस्त तरी हवी.

पुरवठा चालू ठेवून फक्त दाब कमी करणे हा याहून बरा उपाय आहे, कारण गळती दाबावर अवलंबून असते आणि दाब उतरला की ती आपोआप घटते. केप टाउनच्या बचतीत दाबनियंत्रणाचा वाटा मोठा होता. पण ब्राझीलमधील साओ पाउलोचा २०१४-१५ चा अनुभव सावध करणारा आहे. कांतारेरा जलाशयांच्या मालिकेतील मृतसाठाही उपसायची वेळ आल्यावर तिथे रात्रीचा दाब उतरवण्यात आला. मध्यवर्ती भागात फरक जाणवला नाही. शहराच्या कडेच्या उंचावरील, टाक्या नसलेल्या वस्त्यांत नळच कोरडे पडले. दाब उतरवण्यापूर्वी कोणत्या वस्तीला त्याची झळ बसेल याचा नकाशा अभियंत्यांकडे असतो, आणि तो लोकांसमोर ठेवायला काहीच हरकत नसावी.

नियम पाळले जातात कसे?

दंडाने काही प्रमाणात काम होते, पण दंडापेक्षा माहितीचा परिणाम अनेकदा अधिक टिकाऊ असतो. अमेरिकेत अटलांटाजवळच्या कॉब काउंटीत २००७ च्या दुष्काळात सुमारे एक लाख घरांवर एक प्रयोग झाला. काहींना फक्त काटकसरीच्या सूचना पाठवल्या, काहींना विनंतीचे पत्र, आणि काहींना त्यांचा वापर इतर घरांच्या तुलनेत किती हे सांगणारे पत्र. तुलना सांगणाऱ्या पत्राने वापर सुमारे ४.८ टक्के घटला आणि सर्वाधिक पाणी वापरणाऱ्या घरांत तो अधिक घटला. केप टाउनने २०१८ च्या सुरुवातीला मर्यादा पाळणाऱ्या घरांवर हिरवे ठिपके दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. यामुळे खासगीपणाचा भंग होतो असा आक्षेप आला आणि तो गैरलागू नव्हता. ज्याच्या घरावर ठिपका नाही त्याच्याकडे शेजारी संशयाने पाहणार हे उघड होते, मग त्याच्या घरात गळका पाइप असो की दहा माणसे. कॉब काउंटीतील तुलनेच्या पत्रांनी हेच काम कोणालाही चव्हाट्यावर न आणता साधले, म्हणून मला ती अधिक पसंत आहेत.

ज्याकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होते असा एक परिणाम पैशाचा आहे. लोकांनी वापर निम्म्यावर आणला की पाणीपट्टीचे उत्पन्नही कोसळते, पण वाहिन्या, पंप आणि कर्मचारी यांचा खर्च तसाच राहतो. केप टाउनने घरांच्या किमतीवर आधारित दुष्काळ-शुल्क सुचवले आणि हजारो हरकती आल्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी जुलैपासून जोडणीच्या पाइपच्या आकारानुसार स्थिर शुल्क लावले. पाणी वाचवले म्हणून बिल वाढले, अशी लोकांची भावना झाली. ती टाळायची असेल तर हा हिशेब दुष्काळाआधीच समजावून सांगावा लागतो आणि चांगल्या पावसाच्या वर्षांत राखीव निधी बाजूला काढावा लागतो.

सर्वांत शेवटी वेळेचा प्रश्न उरतो. केप टाउनचा रोजचा वापर २०१५ च्या सुरुवातीला सुमारे १२० कोटी लिटर होता, तो २०१८ मध्ये ५० कोटींच्या आसपास आला. धरणे १३.५ टक्क्यांवर आली की बहुतांश नळ बंद करून वाटप केंद्रांवरून माणशी २५ लिटर देण्याची योजना होती. त्या दिवसाची तारीख आधी एप्रिल २०१८ मधली सांगितली गेली, मग ती पुढे ढकलली गेली आणि तो दिवस उगवलाच नाही. ही मोठी कामगिरी आहे. तरीही कडक मर्यादा दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षात आली, आणि तीच दोन वर्षे आधी सौम्य स्वरूपात आली असती तर ५० लिटरपर्यंत उतरण्याची गरज कदाचित पडली नसती. स्पेनमधील कॅटलोनियाने साठ्याच्या टक्केवारीनुसार टप्पे आधीच ठरवून ठेवले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये साठा १६ टक्क्यांखाली गेल्यावर आणीबाणीचा टप्पा त्याच योजनेनुसार लागू झाला आणि माणशी २०० लिटरची मर्यादा, उद्योग-व्यवसाय धरून, घरांवर न घालता नगरपालिकांवर घातली गेली. किती टक्क्यांवर काय बंद होणार हे आधी छापलेले असले की आदेश कोणाच्या मर्जीचा राहत नाही.

मर्यादा उठवण्याचेही असेच असायला हवे. केप टाउनने डिसेंबर २०१८ मध्ये मर्यादा १०५ लिटरवर नेली आणि धरणे भरल्यानंतर नोव्हेंबर २०२० पासून निर्बंध पूर्णपणे हटवले. पहिल्या दमदार पावसानंतर लगेच सूट मागणारे लोक आणि एकदा मिळालेला अधिकार सोडायला तयार नसलेले प्रशासन, दोघेही प्रत्येक दुष्काळात असतात. ज्या आदेशाने मर्यादा लागू होते त्याच आदेशात ती कोणत्या साठ्यावर सैल होईल, कोणत्या साठ्यावर संपेल आणि दर पूर्ववत केव्हा होतील, हे आकड्यांत लिहिलेले असावे आणि तो साठा दर आठवड्याला सर्वांना पाहता यावा.